लॅनयार्ड लावूनही खिशातला चाकू पडतोय? आधी दोरीचं दुसरं टोक कुठाय ते बघा

चवथ जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो, कारण माटोळी (गोव्यात गणपतीवर फळंपानं टांगायची लाकडी चौकट) बांधायला घेतली की प्रत्येकाला खिशातला चाकू आठवतो आणि मग कळतं की तो खिशात नाहीच. गेल्या वर्षी मेहुण्याने विचारलं, यंदा शेजारच्या काकांनी, आणि दोघांचं वाक्य तेच, "अरे दोरी लावलेली रे, तरी पडला." म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

आधी माझी लायकी सांगतो. सोलर पॅनल आणि इन्व्हर्टर बसवायचं काम, घर गोव्यात डिचोलीत, रविवारी गरी घेऊन नदीवर. केबल टाय काप, खोके फोड, नायलॉनची तंगूस (गरीची दोरी) काप, दिवसातून वीसेक वेळा चाकू बाहेर येतो. आणि आजवर चार घालवलेत. एक दिवाडीच्या फेरीबोटीवरून मांडवीत, एक साखळी रोडवर स्कूटरवरून, एक आत्याच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाटाच्या पाण्यात, आणि चौथा कुठे गेला ते देवालाच ठाऊक. चारातल्या तिघांना लॅनयार्ड होतं! म्हणजे दोरी नव्हती म्हणून गेले असं नाही, हे मला तिसरा गेल्यावर कळलं, इतका मी हुशार.

गोम अशी की लॅनयार्ड म्हणून आपण दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव देतो. एक असतो गोंडा, म्हणजे चाकूच्या शेपटीला सातआठ सेंटिमीटरचा दोरीचा तुकडा, कधी मणी घातलेला, त्याचं दुसरं टोक मोकळं. तो खिशातून चाकू ओढून काढायला. ओले हात, हातमोजे, खोल खिसा, अशा वेळी बरा पडतो. दुसरी असते बांधायची दोरी, तिचं एक टोक चाकूला आणि दुसरं तुमच्या पट्ट्याच्या लूपला किंवा बॅगेला. चाकू राखते ती ही. आता दुकानात किंवा ऑनलाइन जे मिळतं त्यातलं बहुतेक सगळं गोंडा प्रकारातलं असतं, दिसायला छान, आणि आपल्याला वाटतं आता चाकू सुरक्षित. तर पहिली तपासणी हीच, दोरीचं दुसरं टोक कशाला बांधलंय? कशालाच नसेल तर पुढच्या गाठीबिठी नंतर बघा, तुमचा चाकू मोकळाच फिरतोय.

उलट गोंड्यामुळे तो जास्त पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. साखळी रोडवरचा असाच गेला. पाऊस थांबला म्हणून गाडी बाजूला घेऊन रेनकोटची पॅन्ट काढत होतो, गोंडा खिशाबाहेर चारेक बोटं लोंबत होता, तो पॅन्टच्या इलॅस्टिकमध्ये अडकला आणि पॅन्टबरोबर चाकूही बाहेर. टप् असा आवाज झालेला मी ऐकला, पण वाटलं मडगार्डचा चिखल पडला असेल. घरी येऊन खिशात हात घातला तेव्हा तो आवाज आठवला. परत गेलो, टॉर्च घेऊन अर्धा तास गटार बघितलं, नाही तो नाहीच.

बसलं की खिशातून घसरतो

सगळ्यात जास्त चाकू असेच जातात. उभं असताना खिसा उभा असतो, स्कूटरवर किंवा पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलात की मांडी आडवी आणि खिसाही आडवा, आणि आपल्या त्या पातळ कापडाच्या अर्ध्या चड्ड्या, त्यांचे खिसे तिरके आणि गुळगुळीत, त्यात वजनदार वस्तू राहायची अपेक्षाच चूक. घरी करून बघा, चाकू खिशात टाका आणि आरामखुर्चीत रेलून बसा, पाय थोडे वर घ्या, मग उठा. खुर्चीवर चाकू दिसला तर प्रॉब्लेम कळला.

क्लिपवाला चाकू असेल तर तो खिशाच्या मागच्या शिवणीला, म्हणजे कुल्ल्याकडच्या कोपऱ्याला टेकवून लावा, खिशाच्या मधोमध नको. शिवणीला टेकला की आडवा होत नाही, आणि घडी खिशात आपोआप उघडायची भीतीही कमी, कारण पात्याची पाठ शिवणीला दाबून राहते. (पातं शिवणीच्या बाजूला उघडतंय ना हे आधी बघून घ्या, काही चाकूंची क्लिप उलट्या अंगाला असते.) क्लिप ढिली पडली असेल तर तिचे दोनतीन बारीक स्क्रू असतात, बऱ्याचदा टी-६ साइजचे स्टारवाले, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे तो पेचकस असतोच. घट्ट करताना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) एक थेंब लावा, लाल नको, लाल लावलात तर पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं जाईल पण स्क्रू निघणार नाही. खिशाला अडकणारी क्लिप ही तशी अलीकडची गोष्ट, अमेरिकेतल्या स्पायडरकोने १९८१ मध्ये असा चाकू काढला आणि मग सगळ्यांनी उचलली. त्याआधी घडीचा चाकू म्हणजे खिशाच्या तळाशी चिल्लरीबरोबर. स्विस चाकू अजून बहुतेक तसाच, क्लिप नाही, शेपटीला एक छोटी रिंग. म्हणून स्विसवाल्यांनी क्लिपचा नाद सोडून सरळ दोरीवर यावं.

दोरी किती लांब घ्यायची

यात दोनच मापं चालतात, मधलं माप म्हणजे त्रास. एक आखूड, पट्ट्याच्या लूपपासून खिशाच्या तळापर्यंत आणि वर चार बोटं, माझ्या कमरेला ते साधारण ३० सेंटिमीटर येतं. चाकू खिशातून निसटला तरी मांडीला लोंबतो, गुडघ्याखाली जात नाही, स्कूटरच्या चाकात जायचा प्रश्न नाही. पण अशा दोरीने बांधलेला चाकू वापरता येत नाही, त्यासाठी लूपकडे हुक लागतो, काढला की मोकळा. दुसरं माप लांब, ७५ ते ८० सेंटिमीटर, हात पूर्ण पसरला तरी ताण येत नाही, ही छपरावर किंवा होडीत कामाला. उरलेली दोरी खिशात कोंबून ठेवायची, बाहेर वेटोळं लोंबवायचं नाही. मधलं ५० सेंटिमीटरवालं मी दोन महिने वापरलं, कापताना नेमका शेवटच्या क्षणी हिसका बसायचा आणि पातं भलतीकडे. बोटाला खूण आहे अजून.

मोबाइलच्या जुन्या वायरसारखी गुंडाळीची स्प्रिंगवाली दोरी मिळते ती तर घेऊच नका. हातातून उघडा चाकू सुटला तर साधी दोरी त्याला खाली लोंबू देते, स्प्रिंग त्याला परत तुमच्याकडे आणते. पक्कड, पेचकसाला ती ठीक.

गाठ सुटते

आता इथे जरा थांबतो, कारण कुळागरातला चाकू गाठीमुळे गेला आणि ती गाठ मी स्वतः मारलेली.

पॅराकॉर्ड म्हणून जी दोरी सगळे वापरतात ती नायलॉनची, वरून विणलेली खोळ आणि आत सात धागे, जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास. पाचशेपन्नास हे नाव ५५० पौंडांवरून, म्हणजे साधारण २५० किलोला तुटते. लोक हा आकडा ऐकून निर्धास्त होतात. पण शंभर ग्रॅमच्या चाकूला दोरी तुटायची भीती कधीच नव्हती, भीती गाठ सरकायची. नायलॉन गुळगुळीत, पाण्यात फुगतो आणि थोडा ताणतो, वाळला की परत आखडतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे भिजणं-वाळणं रोजचं, वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. प्रत्येक फेरीत साधी गाठ केसभर ढिली होते. माझी साधी एकेरी गाठ होती, शेपूट जेमतेम अर्धा सेंटिमीटर ठेवलेली, जुलैत मारली, ऑगस्टच्या शेवटी आत्याकडे सुपारीच्या झावळ्या साफ करताना खाली बघतो तर पट्ट्याला दोरी आहे, हुक आहे, टोकाला काही नाही. दोरीच्या टोकाला गाठीचा आकार तेवढा उरलेला, आळीसारखा वळलेला.

तर करायचं काय. चाकूच्या बाजूला गाठच नको, तिथे फासा घाला. दोरीचं बंद वेटोळं करून ते चाकूच्या भोकातून ओवायचं आणि पूर्ण चाकू त्या वेटोळ्यातून बाहेर काढून ओढायचं, आपण मोबाइलच्या कव्हरला लटकन अडकवतो ना, अगदी तसं. जितका ओढाल तितका आवळतो. मग गाठ फक्त एक उरते, वेटोळं बंद करणारी, आणि ती मासे पकडणारे वापरतात ती दुहेरी फिशरमन गाठ मारा. दोन्ही टोकं एकमेकांसमोर ठेवून प्रत्येकाने दुसऱ्याभोवती दोन वेढे घेऊन स्वतःच्या वेढ्यांतून बाहेर यायचं, आणि मग दोन्ही दोऱ्या ओढल्या की दोन गोळे एकमेकांना भिडतात. नीट बसली की एका बाजूने दोन फुल्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूने चार समांतर रेघा. हे दिसलं नाही तर सोडवून परत. जमत नसेल तर दोन्ही टोकं एकत्र धरून आठाची गाठ मारा, तीही चालते, फक्त जाड होते. शेपूट कमीत कमी अडीच सेंटिमीटर.

गाठ मारून झाल्यावर ओली करा आणि पाय देऊन दोन्ही हातांनी ताणा, अंगाचं वजन टाका, मगच लायटरने टोक जाळा. बरेच जण आधी जाळतात, मग ताणल्यावर शेपूट आत जाते आणि जळलेला गोळा गाठीत अडकून गाठ नीट बसतच नाही. जाळताना वितळलेला नायलॉन बोटाला लावू नका, तो चिकटतो आणि कातडी घेऊनच निघतो. चमच्याच्या पाठीने दाबा.

आणि दोरी खरंच नायलॉनची आहे ना? बाजारात पॅराकॉर्ड म्हणून पॉलिप्रॉपिलिनही विकतात, ती आणखी गुळगुळीत, उन्हात लवकर कडक होऊन भुसभुशीत पडते. ओळखायला तुकडा बादलीत टाका आणि बोटांनी पिळून आतली हवा काढा. तरंगली तर पॉलिप्रॉपिलिन, बुडाली तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. पॉलिस्टर असेल तर उत्तमच, पाण्यात कमी ताणतो. सुती गोफ किंवा सुंभ बघायला देखणा, पण तो पाणी धरून ठेवतो आणि चाकूच्या शेपटीला गंज चढवतो, ते पुढे येतंच.

दोरी ओवतच नाही, किंवा भोकाशी कापली जाते

४ मिलिमीटरची दोरी बारीक भोकात दुमडून जाणार नाही. आतले सात धागे ओढून काढा, नुसती खोळ चपटी होते आणि जाते, चाकूला ती ताकद पुष्कळ. ओवायला तंगूसचं वेटोळं आधी भोकातून घाला, त्यात दोरी अडकवा, ओढा. सुई, पिन, चिमटा काही नको.

पंधरावीस दिवसांनी भोकापाशी दोरीवर लव आलेली दिसली तर भोकाची कड धारदार आहे. स्वस्त चाकूंचं भोक पाडून तसंच सोडलेलं असतं. झाडूतली एक हीर घ्या, तिला चारशे नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि भोकात पन्नासेक वेळा फिरवा, दोन्ही तोंडांना. नख फिरवून अडकत नाही असं झालं की पुरे.

दोरी भोकापाशी नाही पण थोडी पुढे कापली जातेय, एकाच अंगाला? मग ती घडीत येतेय. चाकू मिटताना पात्याचं टोक शेपटीकडेच येतं, आणि सैल फासा तिथे खाचेत घुसतो, प्रत्येक वेळी एखादा धागा कापला जातो, वरून काही दिसत नाही. फासा भोकाला घट्ट चिकटून हवा, लगेच एक मणी किंवा गाठ, म्हणजे खाचेत जाईल असं मोकळं वेटोळं उरतच नाही. मिटताना अंगठ्याने दोरी बाहेर धरायची सवय लावून घ्या.

रिंग आणि हुक

स्विस चाकूबरोबर जी बारीक दुपेडी रिंग येते ती किल्लीसाठी ठीक, दोरीसाठी बेकार. दोरी हलत राहिली की हळूहळू दोन पेडांच्या मध्ये शिरते आणि फिरत फिरत बाहेर, जशी आपण किल्ली काढतो तशीच, फक्त सावकाश. फेरीबोटीवरचा चाकू असा गेला असणार, कारण दोरी आणि फासा शाबूत माझ्याकडे राहिले आणि चाकू मात्र रिंगेसकट गेला, म्हणजे फासा रिंगेतून सुटला. मी कठड्याला टेकून दिवाडीच्या बाजूची खारफुटी बघत होतो, मांडीला काहीतरी हलकं लागलं, खाली पाहिलं तर पाण्यात एक गोल. उपाय सोपा, रिंग काढा आणि चाकूच्या कडीतच दोरीचा फासा घाला, जाड नाही मावली तर खोळ.

हुकाचं म्हणाल तर खाऱ्या हवेत स्वस्त ॲल्युमिनियमचा कॅराबिनर एक पावसाळा काढतो. आत स्प्रिंग आणि पिन लोखंडाची, बाहेर ॲल्युमिनियम, मध्ये मिठाचं पाणी, दोन धातू एकमेकांना खातात, पांढरी पूड दिसायला लागते आणि दार अर्धवट उघडं राहतं. अर्धवट उघडं दार म्हणजे दार नाहीच. स्टेनलेसचा छोटा हुक घ्या, होडीच्या सामानात मिळतो, महाग आहे पण एकदाच. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब.

माझ्या धंद्यातल्यांसाठी एक वेगळं सांगतो. कमरेला साखळी लावून चाकू लटकवायची फॅशन आहे, बॅटरीपाशी ती चालत नाही. मी एका ठिकाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायला वाकलो, साखळी पुढे आली आणि प्लस-मायनसच्या मध्ये पडली. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण करंट इतका की तडाड् करून ठिणगी, साखळीची एक कडी लाल होऊन तुटली आणि टर्मिनलवर काळा खड्डा. घरच्या आजी स्वयंपाकघरातून धावत आल्या, "किदें फुटलें रे?" तेव्हापासून बॅटरीवर काम असलं की पट्ट्यावर धातूचं काही नाही, चाकूसुद्धा मागच्या खिशात.

पाण्यावर नेताय तर

होडीत, कायाकवर, जेटीवर गरी टाकून बसताना दोरी असली तरी तरंगणारं काहीतरी लावावं, कारण पट्टाच काढून ठेवला जातो. वाइनच्या बाटलीचं खरं बूच उत्तम, फेणीच्या बाटल्यांना हल्ली फिरकीची झाकणं, त्यांचा उपयोग नाही. एक बूच किती उचलतं? त्याचं आकारमान साधारण २० घनसेंटिमीटर, स्वतःचं वजन चारपाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम १५-१६ ग्रॅम ओढून धरेल. साठेक ग्रॅमचा लहान स्विस चाकू पाण्यात गेला की त्याचं वजन थोडं हलकं होतं, तरी दोन बुचांवर तो बुडतो, तिसरं हवंच. मोठा चाकू असेल तर बुचांची माळ होईल, त्यापेक्षा जाळ्याचा फोमचा फ्लोट कापून घ्या. हिशोबावर विश्वास ठेवू नका, बादलीत टाकून बघा, आणि रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत बघा. बूच पाणी पितं.

खाऱ्या पाण्यातून आलात की चाकू उघडून नळाखाली धरा, फडक्याने पुसा, दोरी काढून वेगळी वाळवा. दोरी ओली चिकटलेली राहिली तर गंज पात्याला नाही, शेपटीच्या कडीला आणि रिव्हेटला लागतो, जिथे कोणी बघत नाही, आणि एक दिवस कडीच निघून हातात येते. खोबरेल लावायचा मोह होतो, मी लावायचो, पण ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि घडीत धूळ धरतं. घडीला मशीनचं तेल, पात्याने फळंबिळं कापत असाल तर पात्याला खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल.

लाकडी मुठीचा ओपिनेल असेल तर पावसाळ्यात दुसराच प्रकार, मूठ फुगते आणि पातं उघडतच नाही. नखाने ओढत बसू नका, नख जाईल. लॉकची रिंग मोकळ्या स्थितीत आणा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक् करून आपटा, पात्याची पाठ वर येते, मग बोटांनी धरा. फ्रान्समधल्या साव्होय डोंगरातले लोक असंच करतात, त्यांचाच चाकू तो, १८९० चा. त्याच्या बहुतेक मॉडेलला दोरीचं भोक नसतं. ड्रिलने पाडायचं झालं तर मुठीच्या अगदी शेवटच्या टोकाला, पातं मिटून टोक कुठवर येतं ते पेन्सिलीने आधी खूण करून. भोक पाडलं की आतून तेल पाजा, नाहीतर तिथूनच पाणी पिणार.

गळ्यात घालू का?

नको. गळ्यातली दोरी फांदीत, पंख्यात, ड्रिलमध्ये, होडीच्या इंजिनात कुठेही अडकते आणि तुमचा गळा तिच्यात. अगदीच घालायची असेल तर मागे ओढलं की सुटणारी क्लिप असलेलीच. मनगटात फास घालून ड्रिल किंवा ग्राइंडर चालवणं हेही त्याच रांगेत.

आणि उघडं हत्यार कमरेला बांधायचंच नाही, हे मला आत्याच्या यजमानांनी शिकवलं. ते अजून पाठीमागे कमरेला आकडी बांधतात, तिच्यात कोयता अडकवून माडावर चढतात. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, काका, कोयत्याला एक दोरी लावून देतो, पडला तरी वर ओढता येईल. ते हसले. म्हणाले, "पडूं दे मरे. बांधलेला कोयता सुटला तर पायात येणार, मी वर काय करू? मोकळा पडला तर खाली पडेल, खाली कोणी उभं राहायचं नाही एवढं सांगितलं की झालं." दोरी मिटलेल्या चाकूसाठी. उघडा चाकू हातात असताना दोरी सैल हवी, आणि उंचावर खाली माणसं नसली तर नसलेलीच बरी. छपरावर मी अपवाद करतो कारण खाली गिऱ्हाइकाची गाडी उभी असते, आणि तिथे चाकू मिटूनच सोडतो, उघडा कधी सोडत नाही.

अजून एक लहान गोष्ट. पट्ट्याला बांधलेला चाकू इतका अंगवळणी पडतो की मोपा किंवा दाबोळी विमानतळावर सिक्युरिटीपर्यंत आठवत नाही. केबिन बॅगेत आणि खिशात चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत जातो. विमान पकडायचं असेल त्या दिवशी दोरीसकट घरी काढून ठेवा, नाहीतर तिथे टोपलीत टाकून पुढे जावं लागतं, आणि तो धरला तर पाचवा.

राहिला मेहुण्याचा चाकू, ज्याच्यावरून हे सगळं निघालं. त्याची तक्रार होती की गोंडा लावला, मणी लावला, गाठ पक्की, तरी चवथीच्या आदल्या दिवशी गेला. मी त्याला वरचं सगळं ऐकवलं, दुसरं टोक कुठाय वगैरे, तो मान हलवत होता. पाच दिवसांनी गणपती विसर्जन झाल्यावर माटोळी उतरवायला घेतली, कांगलां, तोरिंगां अशी माटोळीची फळं, सुपारीचे घोस एकेक सोडवत होतो, आणि मधल्या दांडीला केवणीच्या (रानझाडाच्या सालीच्या) दोराशेजारी गोंड्याने नीट अडकवलेला लाल स्विस चाकू. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यानेच टांगून ठेवलेला. पाच दिवस आम्ही सगळे त्याच्याखाली उभे राहून आरती म्हणत होतो. चाकूला काही झालं नव्हतं, फक्त कडीला तोरिंगाचा रस लागून काळं पडलेलं, ते ओल्या फडक्यावर जरा खायचा सोडा घेऊन घासलं की जातं.